विंडोज १० ची मुदत संपली: घरचं नेट आणि जुना लॅपटॉप कोणत्या क्रमाने लावून घ्यायचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. तेव्हापासून नातेवाइकांचे फोन येतात आणि प्रश्न एकच असतो: "लॅपटॉप तर छान चालतोय, मग आता भंगारात द्यायचा का?" बहुतेक वेळा द्यायची गरज नसते. पण सुरुवात लॅपटॉपपासून करू नका. घरात फोन, टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर हे सगळं एकाच राउटरवर असतं आणि त्या राउटरचा पासवर्ड अजून 'ॲडमिन' असतो. अशा घरात नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं म्हणजे दाराला कडी नसताना कपाटाला कुलूप लावणं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी राउटर, मग बॅकअप, मग आपल्या कामांची यादी, आणि ती यादी हातात आल्यावरच ऑपरेटिंग सिस्टीम. लोक नेमकं उलटं करतात आणि डेटा गेल्यावर बॅकअप आठवतो.

आधी हे गोळा करा

- राउटरच्या तळाला किंवा पाठीला असलेल्या स्टिकरचा फोटो
- नेट देणाऱ्या कंपनीकडून मिळालेलं पीपीपीओई युजरनेम आणि पासवर्ड (काही कंपन्या हे वापरत नाहीत, पण विचारून ठेवा)
- एक लॅन केबल
- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह. तो पूर्ण पुसला जाणार आहे
- बाहेरून जोडायची हार्ड डिस्क
- फोनची डेटा केबल. नुसती चार्जिंगची चालत नाही
- लॅपटॉपचा चार्जर
- एक वही. पासवर्ड कागदावर लिहू नयेत हे ऑफिसला लागू पडतं. घरातल्या कपाटातली वही इंटरनेटवरून कुणी उघडू शकत नाही

१. राउटरची जागा आणि वायर

फायबर जोडायला आलेला माणूस राउटर दारापाशी बसवून मोकळा होतो, कारण वायर तिथून आत येते. त्याला थांबवा आणि घराच्या साधारण मध्यावर, छातीच्या उंचीवर जागा दाखवा. फायबरला तीव्र वळण चालत नाही, पण कोपऱ्याकोपऱ्याने सावकाश नेता येतं. आपल्याकडच्या जाड विटांच्या आणि आरसीसी भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झचा वायफाय लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोचतो, पण इमारतीतल्या सगळ्यांचे राउटर तिथेच गर्दी करतात. त्या पट्ट्यात चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा. मधले चॅनल दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडतात.

टीव्ही आणि कामाचा कॉम्प्युटर मात्र लॅन केबलवर घ्या. कॅट ५ई पुरते, कॅट ६ मिळाली तर उत्तम. इथे दोन ठिकाणी फसवणूक होते. एक, स्वस्त केबलमध्ये शुद्ध तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ते लवकर तुटतं. खोक्यावर 'सीसीए' छापलेलं दिसलं तर घेऊ नका. दुसरी गोष्ट जास्त सर्रास घडते: केबलच्या आठ तारांपैकी चारच तारा जोडून क्रिम्पिंग (टोकाला प्लग बसवणं) केलं जातं. नेट चालतं, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. तुमचा प्लॅन २०० किंवा ३०० चा असून केबलवरचा वेग ९४-९५ वर येऊन अडकत असेल, तर कंपनीला फोन करण्याआधी क्रिम्पिंग तपासा. तेही ठीक असेल तर राउटरचा पोर्टच १०० एमबीपीएसचा असू शकतो. स्वस्त राउटरना असे पोर्ट असतात.

वीज जाते तिथे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. राउटरच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती ॲम्पिअर लिहिलंय ते बघून दुकानात जा. बरेच १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल, तर दोन्हींना वीज लागते.

२. राउटरची कुलपं

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या फायबरला १९२.१६८.२९.१. टाइप करताना इंग्रजी आकडे वापरा. हा पत्ता स्टिकरवर असतो. नसेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये 'गेटवे' म्हणून दिसतो.

आत गेल्यावर या क्रमाने चला:

ॲडमिनचा पासवर्ड बदला. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, राउटरच्या पानाचा. दोन्ही वेगळे ठेवा आणि दोन्ही वहीत लिहा.

वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२-एईएस किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा. जुना प्रिंटर किंवा टीव्ही डब्ल्यूपीए३ ओळखत नसेल तर दोन्ही चालणारा मिश्र पर्याय असतो. पासवर्ड म्हणून चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी लिपीत सलग लिहा. फणस, टपाल, कोयता, गुरुवार असे. लक्षात राहतो, पाहुण्यांना सांगता येतो आणि फोडायला अवघड असतो. मोबाइल नंबर हा पासवर्ड नाही. निम्मी सोसायटी तो ओळखते.

वायफायच्या नावात फ्लॅट नंबर आणि आडनाव घालू नका.

डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडायची ती सोय. पिनची पद्धत कमकुवत आहे हे २०११ सालीच उघड झालं होतं. घरातल्या यंत्रांना न विचारता राउटरमधून बाहेरची वाट उघडू देणारं यूपीएनपी बंद करा. बाहेरून राउटर हाताळू देणारं 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा. मग फर्मवेअरचा, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट आहे का बघा. कंपनीने दिलेल्या राउटरवर तो बहुधा कंपनीच पाठवते.

आता गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं दुसरं, वेगळं वायफाय. नाव पाहुण्यांचं असलं तरी खरा उपयोग टीव्ही, कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब यांच्यासाठी आहे. या वस्तूंना अपडेट क्वचित मिळतात. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे) ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या 'डाइन' या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन् तास अडखळल्या. कॅमेरा बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी, तो माणूस समोर असतानाच बदला. एक अडचण मात्र होईल: टीव्ही गेस्टवर आणि फोन मुख्य नेटवर्कवर असेल, तर फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ पाठवता येणार नाही. ज्या घरात ते रोज लागतं तिथे टीव्ही मुख्य नेटवर्कवर ठेवा आणि कॅमेरे तेवढे गेस्टवर टाका. प्रिंटरचंही तेच, तो मुख्य नेटवर्कवरच बरा.

"पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडली) तरी कॅमेरा बाहेरून दिसत नाही" ही तक्रार नेहमीची. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटून देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर तुम्ही त्यातलेच. मग पोर्ट उघडून काही होणार नाही, आणि माझ्या मते ते बरंच आहे.

स्वतःचा दुसरा राउटर आणलात तर त्याला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर लावा. नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि लॅपटॉपला प्रिंटर सापडेनासा होतो.

लहान मुलं असतील तर राउटरच्या डीएनएसमध्ये १.१.१.३ टाका. क्लाउडफ्लेअरचा हा पत्ता प्रौढांच्या आणि व्हायरस पसरवणाऱ्या साइट गाळतो. मोठ्यांच्या घरासाठी क्वाड-नाइनचा ९.९.९.९ चांगला. फोन मोबाइल डेटावर गेला की या गाळणीचा उपयोग शून्य, हे मुलांना तुमच्याआधी कळतं.

३. बॅकअप, आणि 'डी ड्राइव्ह'चा गैरसमज

"माझं सगळं डी मध्ये आहे, सी फॉरमॅट झाला तरी चालेल." हे वाक्य ऐकलं की मी हात थांबवतो. सी आणि डी बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात, आणि नवी सिस्टीम टाकताना 'पूर्ण डिस्क पुसा' निवडलं तरी दोन्ही जातात.

बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटो, कागदपत्रं, डेस्कटॉप आणि डाउनलोड हे फोल्डर कॉपी करा. टॅली असेल तर तिचा डेटा फोल्डर वेगळा शोधा, तो बऱ्याचदा सी मध्येच कुठेतरी असतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर काढा. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून चार-पाच फोटो आणि दोन फायली खरोखर उघडून बघा.

लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की वहीत उतरवा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डिस्कवरचं काहीच परत मिळत नाही.

४. कामांची यादी करा, मग सिस्टीम ठरवा

एका कागदावर हा लॅपटॉप काय काय करतो ते लिहा. मग बघा:

टॅली, डीएससी टोकनने (डिजिटल सहीच्या यूएसबी किल्लीने) सही करायची कामं, सरकारी विभागाचं विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर, फोटोशॉप, ऑटोकॅड यांपैकी एक जरी रोज लागत असेल, तर विंडोजवर राहा. मन मारून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) लावू नका. यंत्र विंडोज ११ ला चालतं का ते बघा: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची तपासणी), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. चालत नसेल तर मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी होते आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. ही मुदत नवं यंत्र घेण्यासाठी पैसे बाजूला टाकायला आहे, विसरून जायला नाही.

या अटींत न बसणाऱ्या यंत्रावरही पेनड्राइव्ह तयार करणारं 'रुफस' हे सॉफ्टवेअर वापरून विंडोज ११ बसवता येतं. स्वतःच्या यंत्रावर हौस म्हणून करा. आईवडिलांच्या लॅपटॉपवर नको. पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि अडलं की फोन तुम्हालाच येईल.

ब्राउझर, बँक, सातबारा, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, पत्र-अर्ज, झूम एवढंच असेल तर लिनक्सचाच एक प्रकार असलेलं लिनक्स मिंट लावा. सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे, गुगलचं क्रोम ओएस फ्लेक्स आहे, पण नवख्या माणसाला मिंट सगळ्यात कमी अडतं, कारण खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू अशी मांडणी ओळखीची आहे. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन. मिंट फक्त ६४-बिट यंत्रावर चालतं.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, घाला. फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा जुना लॅपटॉप कोणतीही सिस्टीम टाकली तरी रांगतोच. आणखी एक फायदा: जुनी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली की तुमचं जुनं सगळं जसंच्या तसं हातात राहतं. दोन सिस्टीम एकाच डिस्कवर नांदवण्यापेक्षा मला हा मार्ग कितीतरी सरळ वाटतो.

प्रिंटर आधी तपासा. एचपीचे बरेच प्रिंटर मिंट स्वतःहून ओळखतं. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांपासून वकिलांच्या टेबलापर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र वेगळा ड्रायव्हर मागतो आणि बराच घाम काढतो.

५. मिंट बसवणं

फाइल फक्त लिनक्समिंट डॉट कॉमवरून घ्या. साधारण ३ जीबीची असते. २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द या साइटमध्ये घुसून कुणीतरी डाउनलोडची लिंक भेसळ केलेल्या फाइलकडे वळवली होती, म्हणून पडताळणी टाळू नका. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून एसएचए-२५६ चा आकडा (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढता येतो; तो साइटवरच्या आकड्याशी जुळवा. पहिली आणि शेवटची आठ-आठ अक्षरं जुळवून बघितली तरी अर्धवट डाउनलोड कळून येतं. भेसळीची शंका असेल तर साइटवर डिजिटल सही तपासायची पद्धतही दिली आहे.

रुफस किंवा बलेना एचर वापरून फाइल पेनड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट केलेली फाइल चालू होत नाही.

लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूट मेन्यूची कळ दाबत राहा: डेल आणि लेनोवोला बहुधा एफ-१२, एचपीला एफ-९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ-१२ च, पण आधी बायोसमध्ये तो मेन्यू चालू करावा लागतो.

मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला हात लावत नाही. इथे घाई करू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसच्या कळा, झाकण मिटून उघडणं, सगळं करून बघा. वायफाय दिसत नसेल तर फोन डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट मिळतं आणि मग ड्रायव्हर मॅनेजरमधून वायफायचा ड्रायव्हर घेता येतो. सुरुवातीला डेटा केबल घ्यायला सांगितली ती यासाठी.

सगळं ठीक असेल तर इन्स्टॉलच्या चिन्हावर क्लिक करा. 'मल्टिमीडिया कोडेक' (गाणी आणि व्हिडिओ चालायला लागणारे भाग) समोर खूण करा. डिस्क निवडायच्या पानावर थांबा, डिस्कचं नाव आणि आकार वाचा. लावलेली बाहेरची बॅकअप डिस्कही या यादीत दिसते, म्हणून ती त्याआधीच काढून ठेवा. युजरनेम इंग्रजी छोट्या अक्षरांत द्या.

विंडोज सोबत ठेवलंतच तर दोन गोष्टी. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर मिंटला विंडोजच्या फायली नीट लिहिता येत नाहीत. आणि विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास चुकलं तर बॅटरी बदलायला धावू नका: एक सिस्टीम यंत्राच्या घड्याळात भारतीय वेळ धरते, दुसरी ग्रीनिचची. मिंटच्या एका सेटिंगने ते मिटतं.

६. पहिल्या दिवशीची सुरक्षा

मिंटवर अपडेट मॅनेजर उघडून सगळं अद्ययावत करा, टाइमशिफ्टमध्ये आठवड्याचा स्नॅपशॉट (सिस्टीमची परत आणता येणारी प्रत) लावा, आणि फायरवॉल चालू करा. ती मिंटमध्ये असते पण सुरुवातीला बंद असते. टाइमशिफ्ट सिस्टीम जपतं, तुमचे फोटो नाही. विंडोजवर राहिलात तर सोबत येणारा डिफेंडर पुरतो. विकतचा अँटिव्हायरस घेण्यापेक्षा तेवढे पैसे दुसऱ्या बॅकअप डिस्कवर घाला. पासवर्ड साठवायला बिटवॉर्डन किंवा कीपास एक्ससी. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात.

घरातल्या ज्येष्ठांना एक गोष्ट पक्की सांगून ठेवा: बँकेच्या, वीज कंपनीच्या किंवा 'केवायसी'च्या नावाने कुणी स्क्रीन दाखवणारं ॲप घ्यायला सांगितलं तर फोन ठेवायचा. या ठिकाणी लिनक्स काहीच वाचवत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. हा नंबर राउटरवर चिकटवा.

७. मराठी

मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारताखाली मराठीचे पर्याय मिळतात: एक इनस्क्रिप्ट आणि एक 'कगप' फोनेटिक. इनस्क्रिप्ट शिकलेल्यांना काहीच बदलावं लागत नाही. इंग्रजी अक्षरं लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स यांपैकी एक टायपिंगचं साधन टाकून त्यात मराठी आयट्रान्स निवडा. 'ॲ', 'ऱ्य' आणि 'ऱ्हा' लिहून बघा, तिथेच अडतं.

खरी डोकेदुखी जुन्या फायलींची. श्री-लिपी किंवा आयएसएममध्ये युनिकोडआधीच्या फॉन्टने केलेली पत्रं, सोसायटीचे ठराव, लग्नपत्रिका मिंटमधल्या लिबरऑफिसमध्ये (वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मुळात मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार बसवलेले आहेत. अशा फायली विंडोजवर, तो फॉन्ट असताना, युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि जोडाक्षरं व रफार नजरेखालून घाला, कारण रूपांतर करताना तेच जास्त निसटतात. नुसत्या वाचायच्या असतील तर पीडीएफ काढून ठेवल्या तरी भागतं. हे काम उरकेपर्यंत केसिंगमधली जुनी डिस्क फॉरमॅट करू नका. श्री-लिपीचं डोंगल असेल तर तेही त्याच डब्यात ठेवा.